घड्याळ : मुख्य / दुय्यम

रकाना क्रमांक सतरा वाचून काटेसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला आणि रकाना पुन्हा वाचला. चष्म्याची काही चूक नव्हती. फॉर्मवर स्वच्छ छापलेलं होतं : ‘घड्याळ – मुख्य / दुय्यम. (लागू नसेल ते खोडावे.)’

“हे काय आहे?” त्यांनी फॉर्म खिडकीत सरकवत विचारलं.

“फॉर्म,” टेलिफोन कार्यालयाच्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

“फॉर्म आहे ते मलाही दिसतंय. हा सतरावा रकाना काय आहे?”

बाईंनी फॉर्म तसाच उलटा वाचला. “घड्याळ. तुमचं मुख्य की दुय्यम, एक ठेवायचं, एक खोडायचं. त्यात काय एवढं?”

“कोणापेक्षा दुय्यम?”

“आमच्यापेक्षा असेल. मला काय माहीत? सगळे दुय्यमच ठेवतात.”

“का ठेवतात?”

“कारण सगळे तुमच्यासारखे विचारत बसत नाहीत. मागे रांग आहे, साहेब.”

काटेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ‘दुय्यम’ या शब्दावर अशी रेघ ओढली की कागद फाटून निब खालच्या टेबलात रुतली.

इथे सांगायला हवं की काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे कार्यालयाचा यंत्रविभाग सांभाळत. काटा वजनाचा असो की घड्याळाचा, तो केसभर हलला तरी ह्यांचं डोकं हले, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. आसपासच्या मुलखातले तराजू, कापडाच्या पट्ट्या, पंपावरची मापं, सगळी खरी की खोटी हे शेवटी त्यांच्याच कार्यालयात ठरे. तळघरात काचेच्या कपाटात प्रमाण घड्याळ होतं. त्याची काच पुसायचं काम काटेसाहेब शिपायावरही सोपवत नसत. अशा माणसाला फोनवाल्यांनी विचारावं की बाबा रे, तुझं घड्याळ दुय्यम का? हे म्हणजे आचाऱ्याला विचारण्यासारखं झालं की तुम्हाला भूक लागते का. विचारायची काही रीत असते की नाही?

त्या खिडकीवरची ही त्यांची तिसरी खेप होती. मागवायची होती एक डिजिटल लाइन. म्हणजे तार एक आणि तिच्यातून फोन तीस. ती कार्यालयातल्या नव्या पेटीला जोडली की अकराही उपकेंद्रांनी आपापल्या संगणकावरून पेटीला फोन लावायचा आणि दिवसभराचे आकडे थेट पाठवायचे. एवढं सरळ काम. पण पहिला फॉर्म परत आला, कारण तीसपैकी किती फोन येणारे आणि किती जाणारे ते लिहिलं नव्हतं. दुसरा परत आला तो ‘शिकार’ या रकान्यावरून. ‘शिकार – सरळ / गोल / नको’ असा तो रकाना होता आणि काटेसाहेबांनी त्यात संतापून लिहिलं होतं : ‘या कार्यालयात शिकार होत नाही.’

“अहो साहेब,” तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावून समजावलं होतं, “पहिला फोन गुंतलेला असला की पुढचा रिकामा हुडकायचा, त्याला शिकार म्हणतात. वरून भाषांतर करून आलंय. आम्ही काय करणार?”

ज्या खात्याला साधा ‘शोध’ हा शब्द सुचला नाही, त्याने आमच्या घड्याळाबद्दल बोलू नये, असं काटेसाहेबांचं त्या दिवसापासूनच मत झालं होतं.

आता एवढा आटापिटा ते कशासाठी करत होते, तेही ऐका. आकडे थेट मुख्य कार्यालयात यायला लागले, की उपकेंद्रांत बसून ते वहीत उतरवणाऱ्या लोकांची तिथे गरज उरणार नव्हती. त्या जागा मुख्य कार्यालयात हलवायच्या असं ठरलं होतं, आणि त्यांतल्या एका जागेवर काटेसाहेबांची बायको होती. साडेपाच तासांच्या अंतरावर, एका गल्लीतल्या दोन खोल्यांत, गेली नऊ वर्षं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे संसार दोन वर्षांचा आणि बाकी सगळा एसटीच्या वेळापत्रकाचा. मोठ्या साहेबांनी आदेश टाइप करून ठेवला होता, पण सहीला अट घातली होती : लाइन एक दिवस सलग आठ तास टिकली पाहिजे, आणि तीही महिनाअखेरच्या आत. त्यानंतर बदल्यांची यादी बंद होणार, ती थेट पुढच्या वर्षी उघडणार.

नवराबायको रोज संध्याकाळी साडेसातला फोनवर बोलत. निदान ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात फोन सव्वासातला वाजे, कारण बायकोने आपलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं असे. घरातलंही आणि उपकेंद्रातलंही.

“साडेसात म्हणजे साडेसात,” काटेसाहेब रोज फोन उचलता उचलता म्हणत.

“माझ्याकडे साडेसातच झालेत.”

“तुझं घड्याळ खोटं आहे.”

“खोटं नाही, पुढे आहे. पुढे असलं की बस चुकत नाही.”

“पण पुढे आहे हे तुला माहीत असतं ना? मग उपयोग काय?”

“घाईच्या वेळी विसरायला होतं, तोच उपयोग.”

प्रमाण घड्याळाची काच पुसणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं? नऊ वर्षं हा वाद चालू होता आणि एक मिनिटही इकडचा तिकडे झाला नव्हता.

फाटका फॉर्म चिकटपट्टी लावून मंजूर झाला. महिना संपायला बारा दिवस असताना दोन माणसं येऊन भिंतीतून एक करडी तार सोडून गेली. काटेसाहेबांनी पेटी कपाटात बसवली, माहितीपुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक प्रश्नाचं उत्तर पेटीला भरवायला सुरुवात केली. पेटीनेही तोच आगाऊ प्रश्न विचारला : घड्याळ लाइनवरून घेऊ, की स्वतःचं? काटेसाहेबांनी तिसराच मार्ग काढला. पेटीच्या मागे बाहेरचं घड्याळ जोडायची एक जागा होती. त्यांनी दोन दिवस खपून तळघरातल्या प्रमाण घड्याळापासून जिन्याच्या कडेकडेने वायर ओढली आणि पेटीला जोडली. आता या पेटीइतकं खरं घड्याळ दहा मुलखांत कोणाचं नव्हतं.

हिरवा दिवा लागला. उपकेंद्रातून बायकोने फोन लावला. पेटीने तो घेतला. पडद्यावर आकडे यायला लागले तेव्हा काटेसाहेबांनी कोणी बघत नाही असं पाहून पेटीवरून हात फिरवला.

तेवीस मिनिटांनी लाइन तुटली.

बायकोने पुन्हा लावली. पुन्हा तेवीस मिनिटांनी तुटली. तिसऱ्या खेपेला काटेसाहेब हातात थांबघड्याळ घेऊन उभे राहिले. तेवीस मिनिटं, चार सेकंद. चौथ्या खेपेलाही तेवीस मिनिटं, चार सेकंद. एवढ्या शिस्तीने काम बिघडताना त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मनातल्या मनात त्यांना त्याचं थोडं कौतुकही वाटलं. मग त्यांनी तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘लाइन तपासली. दोष आढळला नाही. तक्रार निकाली.’

“निकाली?” काटेसाहेब खिडकीवर कडाडले. “किती वेळ तपासलीत?”

“पाच मिनिटं,” बाई म्हणाल्या.

“बाई, ती तेवीस मिनिटांनी तुटते!”

“तपासणी पाच मिनिटांचीच असते, साहेब.”

“मग तेवीस मिनिटं तपासा!”

“तसा नियम नाही. तुमची लाइन पाच मिनिटांच्या आत तुटली तर सांगा, लगेच माणूस पाठवते.”

काटेसाहेबांनी सहा दिवसांत नऊ तक्रारी केल्या आणि नऊच्या नऊ निकाली निघाल्या. दहावी त्यांनी अशा भाषेत लिहिली की ती बाईंच्या खिडकीत न थांबता थेट एक्स्चेंजच्या इंजिनिअरपर्यंत गेली आणि त्याचा स्वतःहून फोन आला. माणूस आवाजावरून बिचारा वाटत होता.

“साहेब, तुमची पेटी स्वतःच्या घड्याळावर चालतेय का?”

“स्वतःच्या नाही. प्रमाण घड्याळाच्या.”

“तेच ते. आमचं एक्स्चेंज आमच्या घड्याळावर चालतं. दोघांत इतका बारीक फरक आहे की डोळ्यांना दिसायचा नाही, पण तो साठत जातो आणि मग एक ठोका घसरतो. की तुटलीच लाइन. तुम्ही फक्त दुय्यम व्हा, काम झालं.”

“म्हणजे आमचं घड्याळ चूक आहे, असं तुमचं म्हणणं आहे?”

“अहो, चूक-बरोबर असं नसतं त्यात. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं असतं, बस.”

“मग तुम्ही ऐका.”

“साहेब, आमच्या घड्याळावर चार लाख फोन चालतात.”

“चार लाख लोकांनी मिळून चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही,” असं म्हणून काटेसाहेबांनी फोन आपटला. त्यांचा कान लाल झाला होता.

त्या संध्याकाळी सव्वासातला, म्हणजे साडेसातला, फोन वाजला तेव्हा त्यांनी बायकोला सगळं रामायण ऐकवलं. फोनवाले कसे उद्धट, फॉर्म कसा अडाणी, आणि शेवटी कळस म्हणजे दुय्यम व्हा म्हणतात!

“यादी बंद व्हायला किती दिवस राहिले?” तिने विचारलं.

“तीन.”

“आणि दुय्यम झालं तर लाइन टिकेल?”

“टिकेल की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“नऊ वर्षं मी एकटी ताट वाढून एकटी जेवतेय,” बायको म्हणाली. “तो कशाचा प्रश्न आहे?”

बायकोच्या आवाजात राग असता तर काटेसाहेबांनी आपला राग पुढे केला असता, त्यांच्याकडे तो भरपूर शिल्लक होता. पण ती नुसतं विचारत होती. फोन ठेवल्यावर त्यांनी खिशातल्या तक्रारींच्या पावत्या मोजल्या. नऊ वर्षांत हिने एकदाही तक्रार नोंदवली नाही, आणि आपण सहा दिवसांत दहा नोंदवल्या, हा हिशेब त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. लाज वाटली त्यांना. अगदी मनापासून लाज वाटली.

सकाळी ते नवा फॉर्म घेऊन मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. रकाना सतरामध्ये आता ‘मुख्य’ खोडलेलं होतं. रेघ बारीक होती, पण होती. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण फॉर्मवर मोठ्या साहेबांची सही लागत होती.

“दुय्यम?” मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “फाटकावर काय लिहिलंय ते वाचलंत का कधी?”

“‘माप आमचे, विश्वास तुमचा’, साहेब.”

“मग? उद्या फोनवाले म्हणतील तुमचा किलो दुय्यम. परवा म्हणतील तुमचा मीटर दुय्यम. सह्या करत बसू का मी? अहो, त्यांच्या कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळावर शिक्का कोणाचा असतो?”

“आपला, साहेब.”

“आणि आपण त्यांचं ऐकायचं? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काटेसाहेब!”

आपण पेटवलेल्या शेकोटीचा धूर आपल्याच डोळ्यांत जातो तो असा. काल हीच वाक्यं काटेसाहेबांच्या तोंडात होती आणि तिथे ती फार शोभून दिसत होती. आज समोरून ऐकताना हा माणूस आडमुठा आहे असं त्यांना वाटायला लागलं. मोठ्या साहेबांनी फॉर्म बाजूला सारला आणि त्याच तिरमिरीत टेलिफोन कार्यालयाला नोटीस लिहवून घेतली : आपल्या एक्स्चेंजमधील घड्याळ अप्रमाणित असल्याचा संशय असून त्याची कायद्यानुसार तपासणी का करू नये, याचा खुलासा करावा.

नोटीस त्याच दुपारी हातोहात रवाना झाली. काटेसाहेब यंत्रविभागात येऊन बसले. समोर पेटी, पेटीच्या मागे प्रमाण घड्याळाची वायर. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सहीशिवाय टाचणीसुद्धा हलवली नव्हती. त्यांनी दाराकडे पाहिलं, उठून दार लावलं आणि वायर उपसली. पेटीने विचारलं, घड्याळ लाइनवरून घेऊ का? काटेसाहेबांनी डोळे मिटून ‘हो’ दाबलं.

आता वाचकांना वाटेल, झालं, सुटला तिढा. काटेसाहेबांनाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बायकोने फोन लावला आणि लाइन सहा मिनिटांनी तुटली. मग एकतीस मिनिटांनी. मग दोनच मिनिटांनी. मग तासभर टिकली आणि काटेसाहेब देवाचे आभार मानायला गेले तेवढ्यात तुटली.

“ही काय पद्धत झाली?” ते एकटेच पेटीवर ओरडले. “आधी तुटत होती, पण शिस्तीत तुटत होती!”

त्या संध्याकाळचा फोन दोन वाक्यांत संपला. “उद्या शेवटचा दिवस,” एवढं बायको म्हणाली. “उद्या उपकेंद्र उघडलं की नऊ चाळीसला डायल कर, बघू,” एवढं ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी नऊला पाच मिनिटं असताना काटेसाहेबांनी एक्स्चेंजला फोन लावला. खरं तर त्यांना भांडायचं होतं, पण शब्द निघाले ते वेगळेच.

“इंजिनिअरसाहेब, तुम्ही सांगितलंत तसं केलं मी. झालो दुय्यम. तरी लाइन तुटतेच आहे. आता आणखी किती वाकू?”

“काय सांगता? कधी झालात?”

“परवा दुपारी.”

पलीकडून एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. “साहेब, परवा दुपारीच तुमची नोटीस आली. आमचे वरचे लोक घाबरले. मला म्हणाले, ग्राहकाशी वाद नको, त्यांचं घड्याळ मुख्य धर. मी तुमची लाइन तुमच्या घड्याळावर टाकली. परवापासून आम्ही तुमचं ऐकतोय!”

“पण परवापासून मी तुमचं ऐकतोय!”

“अहो, मग बोलतंय कोण?”

काटेसाहेबांनी पेटीकडे पाहिलं. तीही नुसती ऐकत होती.

“बरं, तुम्ही मुख्य व्हा,” इंजिनिअर म्हणाला.

“छे छे, तुमचे चार लाख फोन आहेत. तुम्ही व्हा.”

“पण नोटिशीचं काय?”

“तपासणीला मीच येणार ना? पुढच्या वर्षी येईन. तुम्ही बदला, मी पेटीला हात लावत नाही.”

“नक्की? नाही तर मी मुख्य होईन आणि तुम्हीही व्हाल. माझी नोकरी जाईल, साहेब.”

“नाही लावत म्हटलं ना!”

फोन ठेवला आणि काटेसाहेबांचा उजवा हात आपोआप पेटीकडे गेला. सवय वाईट. फोनवाल्याने बदललं नसेल तर? विसरला असेल तर? आपणच करून टाकलेलं बरं. त्यांनी हात मागे घेतला, दोन्ही तळहात खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्यावर बसले. माणसाने स्वतःच्या हातांवर बसून राहणं किती अवघड असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. नऊ वीसला दिवा एकदा मिणमिणला आणि मग स्थिर झाला. काटेसाहेब तरीही उठले नाहीत. बरोबर नऊ चाळीसला, हात बधिर झाल्यावर, ते उठून पडद्यापाशी गेले. उपकेंद्र जोडलेलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं : ‘९.४० – सुरू.’

लिहिलं आणि तेव्हा कुठे त्यांनी पुढचा हिशेब केला. नऊ चाळीसपासून आठ तास म्हणजे पाच चाळीस. मोठे साहेब साडेपाचला उठत. गेल्या सतरा वर्षांत ते साडेपाचच्या पुढे एक मिनिटही थांबले नव्हते, आणि ‘कार्यालय सगळ्यांसाठी साडेपाचलाच सुटतं, माझ्यासाठीही’ हे ते अभिमानाने सांगत. दहा मिनिटं! नऊ वर्षांचा प्रश्न आणि तो दहा मिनिटांवर अडावा? लाइन टिकली तरी यादी हुकणार होती. आणि हे सगळं कशामुळे, तर एका रेघेमुळे. ती कोणी मारली होती ते आठवून काटेसाहेबांना रागवायलासुद्धा माणूस उरला नाही.

दिवसभर ते पेटीपासून हलले नाहीत. झाडू घेऊन आलेल्या शिपायाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या विभागाने पंख्यासाठी प्लग मागितला तेव्हा त्यांनी असं बघितलं की शेजारचा विभाग उकाड्यातच बसला. तेवीस मिनिटं गेली. तास गेला. चार तास गेले. डबा खिडकीत तसाच राहिला. दिवा हिरवाच होता.

दुपार उलटून गेली, आणि कोपऱ्यातलं, पेटीला जोडलेलं छपाईयंत्र एकदम खडखडलं. उपकेंद्राकडून निरोप आला होता : ‘आठ तास पूर्ण. लाइन एकदाही तुटली नाही. वेळ ५.४०.’

काटेसाहेबांनी मनगटाकडे पाहिलं. पाच पंचवीस.

बायकोचं ते पुढचं घड्याळ! आठ तास कुठले, पावणेआठ झाले होते. हातातला कागद खोटा होता आणि त्यावर विभागप्रमुख म्हणून सही करायची होती ती त्यांनी. वीस वर्षांत त्यांनी दोन ग्रॅमने हलकं माप कधी सोडलं नव्हतं. एकदा तर सख्ख्या मामांच्या दुकानातला तराजू जप्त केला होता. मामा अजून बोलत नाहीत.

काटेसाहेबांनी सही केली. ती नेहमीच्या सहीसारखी आली नाही. मग ते धावतच केबिनमध्ये गेले. मोठे साहेब टेबलाचा खण बंद करत होते.

“आठ तास झाले, साहेब.”

मोठ्या साहेबांनी कागद वाचला आणि भिंतीकडे पाहिलं. “इथे तर पाच सत्तावीस झालेत. यावर पाच चाळीस कसे?”

“ती उपकेंद्राच्या घड्याळातली वेळ आहे, साहेब.”

“ते घड्याळ बरोबर आहे का?”

“बरोबर-चूक असं नसतं त्यात. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं असतं.”

“असं तुम्ही म्हणताय?” मोठे साहेब चकितच झाले. “म्हणजे मुख्य कोणाचं धरायचं?”

“तिचं.”

“कोणाचं?”

“उपकेंद्राचं, साहेब.”

मोठे साहेब विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “उपकेंद्र आपलंच आहे ना? फोनवाल्यांचं तर नाही ऐकलं आपण?”

“नाही, साहेब,” काटेसाहेब म्हणाले. एकदा घसरलेला ठोका पुन्हा घसरायला वेळ लागत नाही.

साडेपाचला एक मिनिट असताना आदेशावर सही झाली.

संध्याकाळी काटेसाहेब फोनपाशी गुन्हेगारासारखे बसून होते. साडेसातचा फोन सव्वासातला वाजला. बायकोला त्यांनी आधी आदेश झाल्याचं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांना राहवलं नाही.

“पण मी आज खोटी सही केली,” ते म्हणाले. “तुझ्या त्या घड्याळापायी. पंधरा मिनिटं कमी होती. आयुष्यात पहिल्यांदा!”

“कसली पंधरा मिनिटं?”

“नऊ चाळीसला लाइन सुरू झाली. पाच पंचवीसला तुझा निरोप आला.”

“अहो, नऊ चाळीसला माझ्या घड्याळात,” बायको म्हणाली. “म्हणजे तुमच्या नऊ पंचवीसला मी लाइन लावली होती. सुरुवातही माझ्या घड्याळाने, शेवटही माझ्या घड्याळाने. मोजून आठ तास झाले. तुम्ही मापांच्या खात्यातच आहात ना?”

काटेसाहेबांनी फोन कानापासून दूर नेला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. नऊ पंचवीसला ते हातांवर बसलेले होते.

“म्हणजे मी जे खोटं बोललो ते खरं होतं?” ते उसळून म्हणाले. “मग आधी सांगायचं नाही का? दिवसभर जेवलो नाही मी!”

“मीही नाही जेवले,” बायको म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता मधेच रडलीही थोडी. लाइन मात्र तुटली नाही.

पंधरा दिवसांनी ती दोन पेट्या, एक वळकटी आणि काखेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकली. ओट्यावरच्या भिंतीवर काटेसाहेबांचं घड्याळ होतं. तिने मनगट पाहिलं, पुन्हा भिंत पाहिली.

“अहो, हे पंधरा मिनिटं पुढे आहे.”

“ठेवलंय मुद्दाम,” काटेसाहेब मान खाली घालून म्हणाले. “तुझी वेळ आहे ती. आता या घरात तुझं ऐकायचं ठरवलंय मी.”

बायकोने काखेतलं घड्याळ हळूच समोर धरलं. ते सेकंदाला सेकंद बरोबर होतं. मनगटावरचंही.

“मी बसमध्ये मागे करून आणलं,” ती म्हणाली. “म्हटलं, नऊ वर्षं माझ्या वेळेने झाली. आता तुमच्या वेळेने चालू.”

दोघं दोन घड्याळांच्या मधे उभे राहिले. काटेसाहेबांच्या कपाळावर ती जुनी, ओळखीची आठी चढली.

“अगं, दोघंही ऐकायलाच बसलो, तर बोलणार कोण?”

“मी,” बायको म्हणाली. “आधी त्या पेट्या आत घ्या.”

काटेसाहेबांनी पेट्या आत घेतल्या.